उंदराला काहीच का झालं नाही? थॅलिडोमाइडचं प्रकरण

थॅलिडोमाइडची गोष्ट सहसा निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण या प्रकरणात आणखी एक धागा आहे आणि औषधांचा विचार करणाऱ्यांसाठी मला तोच जास्त मोलाचा वाटतो. ज्या गोळीनं हजारो अर्भकांचे हातपाय खुंटले, तीच गोळी गाभण उंदरीणीला दिली तर पिल्लं बहुतेक वेळा धडधाकट जन्मतात. सशाच्या बाबतीत तसं होत नाही, माकडाच्याही नाही.

या फरकाचं कारण शोधताना जे हाती लागलं त्यानं औषध म्हणजे काय याची व्याख्याच हलली. थॅलिडोमाइड ज्या प्रथिनाला चिकटतं त्याला ते बंद पाडत नाही. ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही अशा दोन प्रथिनांना ते पेशीच्या आत समोरासमोर आणून चिकटवतं. पुढचं सगळं त्या जवळिकीतून घडतं. गोळी बाजारात आली १९५७ साली आणि ही गोष्ट सिद्ध झाली २०१४ मध्ये. इतका वेळ का लागला, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न.

घटना, थोडक्यात

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेंथाल कंपनीनं थॅलिडोमाइड 'काँटरगान' या नावानं विकायला काढलं. झोपेची गोळी म्हणून ते आलं आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. तिचा मोठा गुण असा सांगितला जाई की चुकून जास्त घेतली तरी माणूस दगावत नाही. त्या काळात झोपेसाठी बार्बिच्युरेट वापरत आणि त्यांच्या अतिसेवनानं माणसं मरत, त्यामुळे हा गुण लहान नव्हता. त्याला आधार होता उंदरांचा. उंदरांना कितीही मोठी मात्रा दिली तरी ते मरेनात, मारक मात्रा ठरवताच येईना. म्हणजे या प्रकरणात उंदरांनी पहिली साक्ष दिली तीच औषधाच्या बाजूनं.

१९६१ च्या अखेरीस हँबुर्गमध्ये विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे धोक्याची घंटा वाजवली. नोव्हेंबरच्या शेवटी जर्मनीत गोळी मागे घेतली गेली. तोवर ४६ देशांत मिळून १०,००० हून अधिक मुलं बाधित झाली होती. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवस हा धोक्याचा काळ होता, आणि त्या काळात घेतलेली एखादी गोळीही पुरेशी होती. बऱ्याच जणींना त्या दिवसांत आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसतं.

अमेरिकेत हे औषध विक्रीला आलं नाही, कारण अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सेस केल्सी यांनी कंपनीची माहिती अपुरी आहे म्हणून अर्ज अडवून धरला. १९६२ मध्ये तिथला औषध कायदा कडक झाला. हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते एका 'जर'पाशी. गाभण जनावरांवर औषध तपासायची सक्ती तेव्हा नव्हती. समजा असती आणि एखाद्या प्रामाणिक प्रयोगशाळेनं गाभण उंदरांवर ते नीट तपासलं असतं, तर? बहुधा औषध उत्तम गुणांनी पास झालं असतं. १९६२ मध्ये सॉमर्स यांनी न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांमध्ये ही विकृती घडवून दाखवली, पण ती दुर्घटना उघड झाल्यावर. निष्काळजीपणाची गोष्ट इथे अपुरी पडते. काळजी घेऊनही चुकीच्या प्राण्याला प्रश्न विचारला असता, तर उत्तर चुकीचंच मिळालं असतं.

बदनाम औषध परत येतं

१९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन हे कुष्ठरोगतज्ज्ञ एका अत्यवस्थ रुग्णावर उपचार करत होते. कुष्ठरोगात कधीकधी अंगभर वेदनादायक गाठी उठतात, ताप चढतो, झोप लागत नाही. शेस्किन यांनी जुन्या साठ्यातलं थॅलिडोमाइड निव्वळ झोपेसाठी दिलं. झोप तर लागलीच, पण गाठीही झपाट्यानं ओसरू लागल्या. पुढच्या चाचण्यांत हा परिणाम टिकला आणि जुलै १९९८ मध्ये अमेरिकेनं याच विकारासाठी थॅलिडोमाइडला मंजुरी दिली, अर्थात गर्भधारणा टाळण्याच्या अतिशय कडक अटींसह.

लगेच पुढच्या वर्षी दुसरी बातमी आली. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात, इतर सगळे उपाय थकलेल्या ८४ रुग्णांना थॅलिडोमाइड दिलं तेव्हा जवळपास एक तृतीयांश रुग्णांमध्ये फरक पडला. मग त्याची भावंडं आली, लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड. लेनालिडोमाइडला डिसेंबर २००५ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती एका चमत्कारिक निकषावर. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारात ज्या रुग्णांच्या पेशींतून पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा तुकडा गळालेला असतो, त्यांना हे औषध विलक्षण लागू पडतं. अशा १४८ रुग्णांच्या चाचणीत ६७ टक्के रुग्णांना रक्त चढवण्याची गरज उरली नाही.

आता हे सगळं एकत्र ठेवून पाहा. एकाच साच्यातली तीन औषधं. गर्भाचे हातपाय खुंटवतात, कुष्ठरोगातल्या गाठी विरवतात, मायलोमाच्या पेशी मारतात, गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा गळालेल्या पेशी वेचून संपवतात आणि उंदरावर जवळजवळ काहीच करत नाहीत. या साऱ्याला एकच कारण असेल असं २००५ साली कोणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

चुकलेला प्रश्न

दरम्यान संशोधक स्वस्थ बसले नव्हते. १९९१ मध्ये असं दिसलं की थॅलिडोमाइडनं टीएनएफ अल्फा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण कमी होतं. १९९४ मध्ये ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही असं दिसलं. दोन्ही निरीक्षणं खरी होती, पण ती परिणामांबद्दल बोलत होती. रेणू नेमका कुठे जाऊन बसतो हे त्यातून कळत नव्हतं. गर्भावरच्या परिणामासाठी तर डझनावारी गृहीतकं निघाली आणि एकेक करून विरली.

पाठ्यपुस्तकातल्या एका लोकप्रिय गोष्टीचा इथे समाचार घ्यायलाच हवा. थॅलिडोमाइडचे दोन आरसा-रेणू असतात, डावा आणि उजवा. त्यातला एक झोप आणतो, दुसरा विकृती. फक्त चांगला आरसा-रेणू विकला असता तर काही झालं नसतं, असं रसायनशास्त्राच्या वर्गात अजूनही सांगतात. एकतर शरीरात हे दोन्ही रेणू काही तासांत एकमेकांत बदलतात, त्यामुळे वेगळे करून द्यायचा उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे या गोष्टीला आधार म्हणून ज्याचा दाखला देतात तो १९७९ चा प्रयोग उंदीरवर्गीय प्राण्यांवर झालेला होता. ज्या प्राण्यांवर या औषधाचा परिणाम होतो की नाही हीच शंका, त्यांच्या साक्षीवर निकाल! दोन आरसा-रेणूंपैकी एक आपल्या लक्ष्याला जास्त घट्ट बसतो हे पुढे खरं ठरलं, पण त्यानं गोळी सुरक्षित झाली नसती.

खरी अडचण प्रश्नात होती. औषध म्हटलं की आपण कुलूप आणि किल्ली डोळ्यांसमोर आणतो. प्रथिनाला एक खाच असते, औषध त्या खाचेत बसतं आणि प्रथिनाचं काम थांबतं. त्यामुळे प्रत्येकजण विचारत होता, थॅलिडोमाइड कोणतं प्रथिन अडवतं? या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

वेगळ्या उत्तराची चाहूल मात्र आधीच लागलेली होती, दुसऱ्याच औषधांत. प्रत्यारोपणानंतर शरीरानं नवा अवयव झिडकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन आणि एफके५०६ ही औषधं देतात. एफके५०६ पेशीतल्या एफकेबीपी१२ या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं, हे माहीत होतं. सगळे समजत होते, हेच ते कारण. १९९१ मध्ये स्टुअर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते काम थांबण्याशी औषधाच्या गुणाचा संबंधच नाही. औषध आणि एफकेबीपी१२ मिळून एक नवा पृष्ठभाग तयार होतो आणि तो कॅल्सिन्युरिन नावाच्या तिसऱ्याच प्रथिनाला जाऊन चिकटतो. सायक्लोस्पोरिनही वेगळ्या प्रथिनाला धरून त्याच कॅल्सिन्युरिनपाशी पोचतं. आणि रॅपामायसिन? तेही एफकेबीपी१२ लाच धरतं, पण ती जोडी जाते एमटॉर या भलत्याच प्रथिनाकडे. अर्धी जोडी तीच, औषध बदललं की जोडीदार बदलतो. अशा औषधांना 'मॉलिक्युलर ग्लू', म्हणजे रेणूंचा गोंद, हे नाव पडलं. थॅलिडोमाइडकडे मात्र या चष्म्यातून पाहायला आणखी दोन दशकं गेली.

मण्यांना काय चिकटलं

कोंडी फुटली टोकियोमध्ये. हिरोशी हांडा, ताकुमी इतो आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म चुंबकीय मण्यांवर थॅलिडोमाइड बांधलं, ते मणी मानवी पेशींच्या अर्कात घोळले आणि चुंबकानं बाहेर ओढले. सोबत आलेल्या प्रथिनांत दोन ठळक होती, सेरेब्लॉन आणि डीडीबी१. त्यातलं औषधाला थेट धरणारं प्रथिन होतं सेरेब्लॉन. ४४२ अमिनो आम्लांचं हे प्रथिन त्याआधी फारसं कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. २००४ मध्ये सौम्य बौद्धिक दुर्बलता असलेल्या एका कुटुंबात त्याच्या जनुकात बदल सापडला होता, त्यावरून मेंदूशी नातं सांगणारं हे नाव पडलं.

मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा सर्वांत सुरेख भाग त्यांच्या पडताळणीत आहे. त्यांनी सेरेब्लॉनमध्ये दोन अमिनो आम्लं बदलून असं रूप तयार केलं, जे आपलं रोजचं काम करतं पण थॅलिडोमाइडला धरत नाही. झेब्राफिश या माशाच्या भ्रूणात हे बदललेलं सेरेब्लॉन घातल्यावर औषधाचा पंखांवर होणारा परिणाम बराचसा टळला. कोंबडीच्या भ्रूणातही तसंच दिसलं. म्हणजे सेरेब्लॉन हा नुसता साक्षीदार नव्हता, गुन्ह्यात सामील होता.

पण पुन्हा जुना प्रश्न आडवा आला. सेरेब्लॉन हा पेशीतल्या विल्हेवाट यंत्रणेचा भाग आहे. पेशीला एखादं प्रथिन नको झालं की त्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते, आणि अशी खूण असलेलं प्रथिन प्रोटिअसोम या यंत्रात चिरडलं जातं. खूण कोणावर लावायची हे ठरवणाऱ्या प्रथिनसंचांना युबिक्विटिन लायगेज म्हणतात आणि सेरेब्लॉन अशाच एका संचाचा हात आहे. पकड घेणारा हात. तेव्हा पहिला अंदाज असा होता की थॅलिडोमाइड हा हात अडवतं, त्यामुळे जे प्रथिन नष्ट व्हायला हवं ते साचत जातं. सवयीनं पुन्हा कुलूप आणि किल्लीच!

उलटं निघालं

बॉस्टनमधल्या दोन गटांनी, एक बेंजामिन एबर्ट यांचा आणि दुसरा विल्यम केलिन यांचा, लेनालिडोमाइड दिल्यावर पेशीतल्या प्रथिनांचं काय होतं हे मोजलं. एकानं मास स्पेक्ट्रोमेट्रीनं पेशीतली प्रथिनं तोलली, दुसऱ्यानं हजारो प्रथिनांना चमकणारी शेपूट जोडून कोणाचा उजेड मंदावतो ते पाहिलं. जानेवारी २०१४ मध्ये दोन्ही शोधनिबंध शेजारीशेजारी छापून आले. काही साचलेलं नव्हतं. उलट दोन प्रथिनं गायब होत होती, इकॅरॉस आणि आयोलॉस.

ही दोन्ही प्रथिनं जनुकांवर नियंत्रण ठेवतात आणि मायलोमाची पेशी त्यांच्यावर जगते. सेरेब्लॉनला त्यांच्यात एरवी काही रस नाही. थॅलिडोमाइडचा रेणू सेरेब्लॉनच्या खाचेत बसला की तिथे एक नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि त्या पृष्ठभागावर इकॅरॉस नेमका बसतो. लायगेज काही विचारत नाही. समोर आलेल्याला खूण लावतं. प्रथिन चिरडलं जातं, औषध मोकळं होऊन पुढच्याला धरायला सज्ज होतं. म्हणून फार थोड्या औषधात पुष्कळ काम होतं. नेहमीच्या औषधाला आपली खाच सतत अडवून ठेवावी लागते. याला नुसती गाठ घालून द्यायची असते. आयोलॉसमध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललं की तो या पकडीतून सुटतो आणि मायलोमाची पेशी औषधाला दाद देईनाशी होते, हेही तेव्हाच दाखवलं गेलं.

त्याच वर्षी सेरेब्लॉनची त्रिमितीय रचना समोर आली. तीन ट्रिप्टोफॅन अमिनो आम्लांनी वेढलेल्या एका छोट्या खोबणीत थॅलिडोमाइडचं ग्लुटारिमाइड हे कडं घट्ट बसतं, आणि रेणूचा दुसरा अर्धा भाग बाहेर डोकावत राहतो. आत शिरलेला अर्धा भाग तिन्ही औषधांत सारखा. वेगळेपण आहे ते बाहेर डोकावणाऱ्या अर्ध्यात. ही खोबण पेशीत मुळात कशासाठी आहे याचं उत्तर २०२२ मध्ये मिळालं: झिजलेल्या किंवा तुटलेल्या प्रथिनांच्या टोकाशी कधीकधी असंच कडं तयार होतं, आणि सेरेब्लॉन त्यावरून खराब प्रथिनं ओळखतो. म्हणजे थॅलिडोमाइड हे पेशीच्या दृष्टीनं 'हे मोडलंय, फेका' अशा खुणेची नक्कल आहे.

एका ऑक्सिजनचा फरक

गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या रुग्णांचं कोडं २०१५ मध्ये सुटलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा भाग आहे.

लेनालिडोमाइड इकॅरॉस आणि आयोलॉसखेरीज आणखी एक प्रथिन सेरेब्लॉनपाशी आणतं, सीके१ अल्फा. हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या पहारेकऱ्याला शांत ठेवतं. ते पुरतं संपलं तर पी५३ चवताळतो आणि पेशी मरते. आता या प्रथिनाचं जनुक कुठे आहे? पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, त्याच गळालेल्या तुकड्यात. निरोगी पेशीकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, आजारी पेशीकडे एकच. लेनालिडोमाइडनं दोन्हीकडचं प्रथिन घटतं, पण निरोगी पेशी निभावून नेते. आजारी पेशीची शिल्लक मुळातच अर्धी असते, ती तळाला लागते. कर्करोगानं स्वतःच्या फायद्यासाठी जे गमावलं, तेच त्याचं मर्मस्थान ठरलं. ज्यांच्या पेशींत पी५३ बिघडलेला असतो त्यांच्यात हे औषध चालेनासं होतं, तेही याच हिशेबात बसतं.

थॅलिडोमाइड आणि पोमालिडोमाइड हे काम नीट करू शकत नाहीत. कारण एक ऑक्सिजनचा अणू. लेनालिडोमाइडच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात एका ठिकाणी तो नाही, इतर दोघांत आहे. २०१६ मध्ये ही तिन्ही घटकांची जोडणी स्फटिकात पाहायला मिळाली तेव्हा दिसलं की तो ऑक्सिजन असता तर सीके१ अल्फाला जवळ यायला जागाच उरली नसती. त्या रचनेत आणखी एक गोष्ट दिसली. इकॅरॉस आणि सीके१ अल्फा यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात काही साम्य नाही. साम्य आहे ते आकारात: केसाच्या पिनेसारखं एक वळण आणि त्याच्या मोक्याच्या जागी ग्लायसिन, म्हणजे सर्वांत लहान अमिनो आम्ल. गोंदाला नाव-गाव लागत नाही, वळण जुळलं की पुरतं.

व्हॅलिन आणि आयसोल्युसिन

आता उंदीर. एबर्ट यांच्या गटानं पाहिलं की उंदराच्या पेशींना लेनालिडोमाइड दिलं तरी सीके१ अल्फा जसाच्या तसा राहतो. त्याच पेशींत मानवी सेरेब्लॉन घातला की प्रथिन घटू लागतं. दोष सेरेब्लॉनमध्ये होता. मग दोन्ही सेरेब्लॉनचे तुकडे अदलाबदल करत करत ते एका जागेपाशी येऊन पोचले. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये तिथे व्हॅलिन आहे, उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये ३९१ व्या जागी आयसोल्युसिन. ही दोन अमिनो आम्लं जवळची भावंडं. आयसोल्युसिनला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त, इतकंच.

इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण प्रकरणाची किल्ली या तपशिलात आहे. औषध उंदराच्या सेरेब्लॉनला बसतं. खोबण तीच, तीन ट्रिप्टोफॅन तेच. 'औषध लक्ष्याला चिकटतं का?' अशी चाचणी लावली असती तर माणूस आणि उंदीर सारखेच दिसले असते. फरक पडतो तो त्या चिकटलेल्या औषधाशेजारी तिसऱ्या पाहुण्याला टेकायला जागा आहे की नाही यात. आयसोल्युसिनचा तो जास्तीचा कोपरा नेमका तिथेच येतो. औषध आत बसलेलं, दारात मात्र कोणी येऊ शकत नाही.

उंदराचं हे एक अमिनो आम्ल बदलून व्हॅलिन केलं की काय होतं? असे उंदीर तयार केले गेले आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इकॅरॉस, आयोलॉस, सीके१ अल्फा सगळे घटू लागले, जसे माणसात घटतात. आणि गाभण उंदरीणींचे गर्भ औषधानं दगावू लागले. साठ वर्षं निर्धास्त असलेला प्राणी एका अमिनो आम्लाच्या फरकानं औषधाच्या तावडीत आला.

पण हातपाय कोणी खुंटवले?

इकॅरॉस आणि आयोलॉस हे मुख्यतः रक्तपेशींचे कारभारी. गर्भाच्या हातांशी त्यांचा संबंध लावता येत नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे आणखी एका प्रथिनाचं नाव पुढे केलं, सॉल४. थॅलिडोमाइड, लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड ही तिन्ही औषधं मानवी मूळपेशींत सॉल४ नष्ट करतात.

हे नाव वैद्यकाला नवं नव्हतं. ज्या मुलांना आईवडिलांकडून सॉल४ च्या जनुकाची एक बिघडलेली प्रत मिळते, त्यांच्यात अंगठे आणि पुढचे हात नीट वाढत नाहीत, डोळ्यांच्या हालचालीत दोष असतो. ही लक्षणं थॅलिडोमाइडबाधित मुलांच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की अशा काही जणांना पूर्वी चुकून थॅलिडोमाइडचे बळी ठरवण्यात आलं होतं. उत्तर अनुवंशशास्त्राच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं समोर बसलेलं होतं.

उंदीर या बाबतीत दुहेरी सुरक्षित निघाला. त्याच्या पेशीत मानवी सेरेब्लॉन घातला तरी त्याचं सॉल४ टिकून राहतं, कारण सॉल४ च्या ज्या झिंक फिंगर (जस्ताच्या अणूभोवती वळलेल्या छोट्या) भागाला गोंद धरतो, त्या भागातही उंदराची अमिनो आम्लं वेगळी आहेत. दाराच्या दोन्ही बाजूंना कड्या. दोन्ही मानवी केल्याशिवाय प्रथिन नष्ट होत नाही. म्हणूनच त्या बदललेल्या उंदरीणींचे गर्भ दगावले ते सॉल४ मुळे, असं म्हणणं अवघड आहे. तिथे दुसरं कोणीतरी आहे.

प्रकरण पूर्ण बंद झालेलं नाही, हे सांगायला हवं. झेब्राफिशच्या सॉल४ मध्येही असाच फरक आहे आणि औषध त्याला नष्ट करत नाही. तरीही त्याच माशाच्या पंखांवर २०१० मध्ये परिणाम दिसला होता. २०१९ मध्ये पी६३ आणि २०२१ मध्ये पीएलझेडएफ ही आणखी दोन प्रथिनं या यादीत आली, आणि माशातले पंखांचे व कानाचे दोष पी६३ शी जोडता येतात. मला वाटतं, एकच गुन्हेगार शोधायची आपली हौस इथे आड येते. अनेक प्रथिनांपैकी प्रत्येक प्राण्यात कोणकोणती या गोंदाला चिकटतात, त्यावर त्या प्राण्याचं नशीब ठरतं.

यादी किती लांब असू शकते, याचा अंदाज २०१८ च्या एका मोठ्या चाळणीतून येतो. मानवी प्रथिनांतले ६,५७२ झिंक फिंगर भाग या औषधांसमोर ठेवून पाहिले गेले. त्यातले ११ नष्ट होतात असं दिसलं. रेणूच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात थोडा बदल केला की ही यादीही बदलते. २०१६ मध्ये सीसी-८८५ नावाचा याच घराण्यातला रेणू जीएसपीटी१ या प्रथिनाला ओढून आणतो हे दिसलं, आणि ते प्रथिन प्रत्येक पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी लागतं. तेच कडं, तीच खोबण, पण परिणाम भलताच जहाल.

चाचणीच्या टेबलावर

या प्रकरणाचा उपयोग आज रोज होतो, कारण सेरेब्लॉनला धरणारं ते ग्लुटारिमाइड कडं आता शेकडो प्रयोगशाळांत हत्यार म्हणून वापरलं जातं. प्रोटॅक नावाच्या औषधांत एका टोकाला नको असलेल्या प्रथिनाला धरणारा भाग असतो, दुसऱ्या टोकाला लायगेजला धरणारा, आणि मध्ये एक दोरी. ही कल्पना २००१ साली क्रेग क्रूज आणि रेमंड डेशेज यांच्या गटांनी प्रत्यक्षात आणून दाखवली. पुढे लायगेजच्या टोकाला बहुतेकदा थॅलिडोमाइडचाच तुकडा लावला जाऊ लागला. तुकडा लावला की त्याचा इतिहासही सोबत येतो. ठरवलेलं प्रथिन तर नष्ट होतंच, पण मोकळ्या बाजूला सॉल४ ही येऊन टेकू शकतं.

या औषधांत एक विक्षिप्तपणाही आहे, जो नेहमीच्या औषधांचा अनुभव असलेल्यांना चकवतो. प्रोटॅकची मात्रा वाढवत नेली की एका टप्प्यानंतर परिणाम उलट कमी होतो. दोन्ही प्रथिनांना स्वतंत्र रेणू मिळतात, प्रत्येकजण आपापला रेणू धरून बसतो आणि गाठ घालायला कोणी उरत नाही. थॅलिडोमाइडसारख्या खऱ्या गोंदात हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे इकॅरॉस एकट्या औषधाला ओळखतच नाही. त्याला औषधासह सेरेब्लॉन लागतो.

त्यामुळे नव्या रेणूची तपासणी करताना क्रम बदलला आहे. उंदरात काय झालं हे आधी पाहून चालत नाही. रेणू प्रथम मानवी पेशींना देतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीनं हजारो प्रथिनांची मोजदाद करतात: कोण घटलं, किती घटलं, किती तासांत. जनावरांत तपासायचं तर सेरेब्लॉन बदललेला उंदीर किंवा ससा, आणि तेही लक्ष्य प्रथिनाचा पृष्ठभाग त्या प्राण्यात माणसासारखा आहे का हे अमिनो आम्लागणिक ताडून. सॉल४ ला हात न लावता इकॅरॉसला धरतील असे रेणू घडवायचे प्रयत्न चालू आहेत. तोवर लेनालिडोमाइड घेणाऱ्या, गर्भधारणा शक्य असलेल्या प्रत्येक स्त्रीला औषध सुरू करण्याआधी आणि चालू असताना ठरावीक अंतरानं गर्भचाचणी करावी लागते.